दवा, दुआ आणि ड्युटी

मी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची. शाळा मराठी, घरातली बोली उर्दू मिसळलेली हिंदी. मानसोपचार विभागात समाजसेविका असल्यामुळे सूतगिरणी, जिनिंग, बँक, दवाखाना अशा ठिकाणची नोकरदार माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांतल्या मुसलमान कर्मचाऱ्यांबद्दल मला लिहायचं आहे. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्यात शंभरात साधारण चार मुसलमान होते. म्हणजे पंचवीस-तीस जणांच्या खात्यात एखादाच. त्याचं हे एकटं असणं ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

हा माणूस ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत येत नाही. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, पोट बिघडलंय, म्हणून आधी ईसीजी काढून येतो. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं की खरी गोष्ट निघते. देशात कुठं काही घडलं की दुसऱ्या दिवशी डबा खाताना सगळे त्याच्याकडे बघतात. “तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?” खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकतं. ग्रुप सोडला तर ‘याला राग आला’. नाही सोडला तर रोज वाचायचं. भाड्याची खोली बघायला गेला, नाव सांगितलं आणि ‘आत्ताच दिली’ असं ऐकून तो ड्युटीवर आलेला असतो.

अशा माणसाला नुसता दीर्घ श्वास घ्यायला शिकवून भागत नाही. श्वासाचा व्यायाम उपयोगी आहेच. पण ही भीती म्हणजे त्याच्या मनाचे खेळ नाहीत, हे समुपदेशकानं आधी मान्य करायला हवं. आणि ग्रुपवरचा तो मजकूर बंद करणं हे साहेबांचं काम आहे. ते साहेबांनी करायचं नाही आणि माणसाला माझ्याकडे पाठवायचं, याला मी मदत म्हणत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१८ साली तो मे-जूनमध्ये आला होता, आणि वर्ध्याचा मे महिना जिल्ह्याबाहेरच्यांनाही ठाऊक आहे. सहरीच्या जेवणाला पहाटे उठायचं, रात्री तरावीहची नमाज, त्यात रात्रपाळी लागली की झोपेचे तुकडे होतात. बायपोलरच्या रुग्णाला झोपमोड धोक्याची. त्यावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्याला आणखीच: अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, उलट्या होतात, दुर्लक्ष केलं तर जिवावर बेततं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत खुद्द कुराणात आहे. राहिलेले रोजे पुढे पूर्ण करता येतात, तेही शक्य नसेल तर गरिबाला जेवू घालता येतं. हे मी सांगते, तरी अनेकांना ते इमामसाहेबांकडूनच ऐकायचं असतं. जरूर ऐकावं. काही औषधं संध्याकाळी रोजा सोडायच्या म्हणजे इफ्तारच्या आणि सहरीच्या वेळेला बसवता येतात, काही नाही; ते डॉक्टरांकडून महिना लागायच्या आधी ठरवून घ्यायचं, मनानं गोळी बंद करायची नाही. फोरमनला करता येण्यासारखं म्हणजे त्या महिन्यात पाळी बदलून देणं. मात्र आधी विचारावं. सगळेच रोजे ठेवतात असं नाही, आणि गोळ्यांमुळे रोजा न ठेवलेल्याला कँटीनमध्ये “तुझा रोजा नाही का?” हा प्रश्न फार टोचतो.

दुःखाच्या वेळीही असंच आधी विचारायला हवं. आमच्यात दफन शक्यतो त्याच दिवशी होतं. रजेचा अर्ज मंजूर होईपर्यंत मय्यत थांबत नाही. नवरा गेलेल्या बाईची इद्दत, म्हणजे घरात राहून पाळायचा शोककाळ, चार महिने दहा दिवसांची. एका सफाई कर्मचारी बाईंना लेकरांच्या पोटासाठी त्या काळातच कामावर यावं लागलं. सोबतच्या बाया ‘धीराची आहे’ म्हणून कौतुक करत, नातेवाईक ‘बेशरम’ म्हणत. रडायला तिला कुठंच जागा नव्हती. रोजीरोटीसाठी दिवसा बाहेर पडायला उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, मुभा दिलेली आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिची मागणी एवढीच होती की काही दिवस दर्शनी भागाऐवजी मागच्या बाजूचं काम मिळावं. मिळालं, आणि तिला हळूहळू झोप लागू लागली. त्यासाठी पैसा लागला नाही, तिला विचारावं लागलं.

“बाजी, माझं ईमान कमजोर झालं म्हणून असं होतंय का?” हा प्रश्न मला नेहमी येतो. तेव्हा मी अबू झैद अल-बल्खींची गोष्ट सांगते. शरीरासारखं मनही आजारी पडतं आणि त्यालाही उपचार लागतो, हे त्या मुसलमान विद्वानानं हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. गिरडला बाबा फरीदांच्या दर्ग्याच्या टेकडीवर जाऊन आलेल्यांना मी कधी अडवत नाही. तिथं सगळ्या जातिधर्मांचे लोक जातात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर तर दवा आणि दुआ एकाच ठिकाणी मिळायची सोय झाली. दर्ग्याची सेवा करणारे मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. आपल्याकडेही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

कंपन्या कधी कधी सुचवतात, ‘मुसलमान समुपदेशक नेमू.’ काहींना ते बरं वाटतं. पण छोट्या गावात प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं निघतं. आपली गोष्ट मोहल्ल्यात पोहोचेल या धास्तीनं काहीजण मुद्दाम परक्याकडे जातात. निवड कर्मचाऱ्याची असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं धर्मावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि गोपनीयतेचाही. म्हणजे त्यानं काय सांगितलं हे साहेबांनी मला विचारायचं नाही, आणि मी सांगायचं नाही.

सेवाग्रामच्या आश्रमात सर्वधर्म प्रार्थनेत कुराणातल्या आयती म्हटल्या जातात. त्याच वर्धा जिल्ह्यातल्या मालकांना, व्यवस्थापकांना माझी विनंती आहे: यंदा रमजानच्या आधी पाळ्यांचा तक्ता लावताना तुमच्या माणसांशी बोला, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेचा वेळ पुढेमागे भरून घ्या, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फलकावर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत, हिंदीत बोलता येतं.