पुसलेला अंगठा

यंदा दिवाळी झाली, धर्मापुरीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मावशींची पेन्शन अडकली. यंत्रावर अंगठा उमटेना. त्यांनी तो पदराला पुसून चार वेळा ठेवला. यंत्रापलीकडचा माणूस म्हणाला, "मुलाला घेऊन या." मुलगा कर्नाटकात, उसाच्या फडात. मावशी काही न बोलता पायऱ्या उतरल्या. त्यांचा अंगठा कशानं पुसला, हे मला माहीत होतं.

ही पेन्शन संजय गांधी निराधार योजनेची; योजना १९८० सालची. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही. फॉर्म, दाखले, तालुक्याचे हेलपाटे. मन अडकतं ते २०१० ते २०२० या दहा वर्षांत.

कॉलेजातली आम्ही पाच-सहा पोरं तेव्हा ब्लँकेटं वाटायला निघालो होतो. कार्यक्रम ठेवणाऱ्यांना फोटो हवे होते. पाहुणे येईपर्यंत म्हाताऱ्या माणसांना दोन तास उन्हात बसवलं. एका नानांना भोवळ आली, तरी बॅनर आधी सरळ केला गेला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्याच दिवशी मावशींची सासू मला म्हणाली, "घोंगडी हाय रे माझ्याकडं. तू बस जरा."

मग आम्ही बसायलाच जाऊ लागलो. नवरा-बायकोचा कोयता सहा-सहा महिने बाहेर. घरात म्हातारी, दोन शेळ्या आणि शाळेसाठी मागं ठेवलेलं नातवंड. गोळ्यांच्या सकाळच्या आणि रात्रीच्या पुड्या वेगळ्या करायच्या, मुलाचा नंबर भिंतीवर खडूनं मोठा लिहायचा, श्रावणबाळ पेन्शनचा फॉर्म भरायचा, एसटीनं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा इकडं आम्ही टँकरखाली त्यांच्या घागरी लावत होतो. त्या वेळी मावशींच्या सासूनं, म्हणजे आमच्या आजीनं, ७२ च्या दुष्काळाचं सांगितलं. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची; पण राखेत कालवून ठेवलेल्या ज्वारीच्या बियाण्याला घरात कुणी हात लावला नाही. "बी खाल्लं तर पुढं पेरायचं काय?" पाणी कसं पुरवायचं हे आम्ही तिला शिकवायला गेलो होतो; तीच आम्हाला धुण्याचं पाणी भांड्याला अन् भांड्याचं झाडाला कसं जातं ते दाखवत होती.

ती ओव्या म्हणायची. १९९६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात माजलगावच्या बायकांच्या ओव्या नोंदवल्या गेल्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या त्या प्रकल्पात राज्यभरातून लाखावर ओव्या जमल्या. माझ्या खिशात तर रेकॉर्डिंगचा फोन होता. ब्लँकेट वाटपाचे फोटो त्यात राहिले, आजीची एकही ओवी राहिली नाही. ती गेली तेव्हा मुलगा-सून कारखान्यावर होते.

सून म्हणजे आजच्या या मावशी. दर वर्षी ट्रॅक्टरवर चढताना म्हणायच्या, "आमच्या म्हातारीकडं बघा बरं का." आता त्याच मागं राहिल्यात. पंचवीसेक हंगाम त्यांनी ऊस धरून तोडला, मोळ्या बांधल्या, वाड्यानं बोटं कापून घेतली. त्या बोटांना सरकार आता ओळख विचारतंय.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत कारखान्यांवर अडकलेले मजूर परतू लागले. घरोघरी बसणं तेव्हा थांबलं ते थांबलंच. आमच्यातली पोरं पुण्याला गेली, मीही ओट्यावरून नुसता हात करून पुढं जाऊ लागलो. पेन्शन ६०० ची आधी १०००, मग २०२३ मध्ये १५०० झाली, हे चांगलंच झालं. पण ती मिळते की नाही, हे विचारायला दारात कोण जातं? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची फळं मात्र अजून वाटली जातात.

काल संध्याकाळी मावशींकडं गेलो. त्यांनी आधार कार्ड, पासबुक, मुलाचा नंबर लिहिलेला कागद असं सगळं एका पिशवीत घालून ठेवलं होतं. सोमवारी परळीला जायचंय. तिथं डोळ्यावरून ओळख पटवतात म्हणे. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. "नाही उमटलं तर?" त्यांनी विचारलं. मी चप्पल काढून आत जाऊन बसलो.