कोनाच्या एका मिनिटाला ३६ किलोवॅट

४२० केव्ही, १२५ एमव्हीएआर शंट रिअॅक्टरच्या टेंडरचा मसुदा तपासायला आला की मी आधी मागची पानं उघडतो, चाचण्यांची. पुढची बरीचशी पानं ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या टेंडरमधून उचललेली असतात आणि ते लपत नाही. एका मसुद्यात नो-लोड लॉस आणि लोड लॉस अशा दोन वेगळ्या मर्यादा दिलेल्या होत्या. शंट रिअॅक्टरला नो-लोड अशी अवस्थाच नसते! चार्ज केला की तो लगेच पूर्ण लोडवर. लॉस एकच, तो एकूण.

चंद्रपूरहून पश्चिमेकडे निघणाऱ्या लांब ४०० केव्ही लाइनवर रात्री लोड उतरला की टोकाचं व्होल्टेज चढू लागतं. ट्विन मूज कंडक्टरची लाइन किलोमीटरमागे साधारण अर्धा एमव्हीएआर तयार करते; ३०० किलोमीटरचे दीडशे झाले. ते शोषायला हा रिअॅक्टर.

आता त्या लॉसकडे वळू. या यंत्राचा पॉवर फॅक्टर ०.००२ च्या आसपास, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्यातला कोन ९० अंशांना जवळपास टेकलेला. मोजताना कोनात एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर १२५ एमव्हीएआरवर ३६ किलोवॅट इकडचे तिकडे होतात. रिअॅक्टर वर्षभर, ८,७६० तास चालू राहिला तर त्याचे सुमारे ३ लाख १५ हजार युनिट होतात. बोलींची तुलना करताना आपण प्रत्येक किलोवॅट लॉसला रुपयांत किंमत लावतो, आणि तो मोजायचा कसा याबद्दल मसुद्यात एकच ओळ: ‘ॲज पर स्टँडर्ड’.

माझा क्लॉज लांबतो, त्याला इलाज नाही. लॉस ४२० केव्ही, ५० हर्ट्झला मोजावा. तो ७५ अंश सेल्सियसवर आणताना कोणता भाग कसा दुरुस्त केला, ते लिहून द्यावं. सीटी आणि व्होल्टेज डिव्हायडरच्या कोनातल्या चुकीचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट चाचणीआधी दाखवावं. मोजमापातली एकूण अनिश्चितता किलोवॅटमध्ये सांगावी. प्री-बिड मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त खल होतो तो या शेवटच्या वाक्यावर.

कंपनांचंही तसंच. गाभ्यात मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी तुकडे सेकंदाला १०० वेळा एकमेकांकडे ओढले जातात. टाकीच्या भिंतीवर जास्तीत जास्त २०० मायक्रॉन, सरासरी ६०, हे आकडे प्रत्येक मसुद्यात असतात. भिंतीवर किती बिंदूंवर मोजायचं, हे बहुतेकांत नसतं. सरासरीच्या मर्यादेत हवे ते बिंदू निवडायची मोकळीक राहिली, तर त्या ६० ला अर्थ उरत नाही.

इतकं लिहूनही काही पुरवठादार प्रत्येक क्लॉजसमोर ‘नोटेड’ टाकून जीटीपी, म्हणजे हमी दिलेल्या तांत्रिक तपशिलांचा तक्ता, परत पाठवतात. नोटेड म्हणजे वाचलं. मान्य केलं असं त्यात कुठेच येत नाही. समोर ‘कन्फर्म्ड’ आणि आकडा, दोन्ही आल्याशिवाय प्राइस बिड उघडू नका.