व्हॉईस ऑफ मुकेश

आमच्या घरी मुकेशची एक कॅसेट होती. तिचा मूळ कागद पहिल्याच पावसाळ्यात भिजून गेला, म्हणून बाबांनी डबीवर निळ्या शाईनं 'मुकेश' एवढंच लिहून ठेवलं होतं. रविवारी सकाळी डोक्याला तेल चोळून घेताना ती लागायची. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं सुरू झालं की आई म्हणायची, "आता ओढणार बघ." आणि टेप खरंच ओढायची. कडव्याच्या मध्यावर मुकेशचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा जड होत जायचा आणि दोन ओळींनंतर पुन्हा वर यायचा.

पुढं कॉलेजच्या हॉस्टेलवर एका मित्राकडं तेच गाणं ऐकलं. टेप ओढली नाही, पण आवाजही वेगळा लागला. जास्त नाकातला, जास्त थकलेला. "हा कोण गातोय?" मी विचारलं. "मुकेश!" मित्र म्हणाला आणि खोलीतले चौघंही हसले. सुट्टीत घरी गेल्यावर आमची कॅसेट उजेडात धरून पाहिली. प्लास्टिकवर मुंगीएवढ्या अक्षरांत दुसऱ्याच गायकाचं नाव होतं.

त्या शोधानं मला फसवल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. आजही ते गाणं मनात वाजतं ते त्याच दुसऱ्या आवाजात. माझ्या पिढीत असे पुष्कळ आहेत. ऐंशीच्या दशकाच्या आठवणी काढताना आपण डिस्को, रंगीत टीव्ही आणि चित्रहार यांवर बोलतो. त्या दशकानं कान घडवले ते मात्र नकलेवर, याची कबुली फारशी कुणी देत नाही.

रेकॉर्डची नक्कल घरी करता येत नसे. ती कारखान्यात दाबून काढावी लागे, आणि हिंदुस्थानात त्या धंद्यावर एचएमव्हीची जवळजवळ एकहाती सत्ता होती. फिलिप्सनं 1963 साली आणलेल्या कॅसेटनं ही मक्तेदारी मोडली, पण आपल्याकडं त्याला पंधरा-वीस वर्षं जावी लागली. आखातातून रजेवर येणाऱ्या माणसांनी टू-इन-वन आणले. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पहिला टेप असाच आला. मग गल्लोगल्ली 'गाणी भरून देणारी' दुकानं निघाली. आपण यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी न्यायला जायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगानं सुमारे 86 मीटर फीत. ती संपली की गाणंही संपलं, मग शब्द अर्धा तुटला तरी चालेल. काही गाणी मला अजून त्या तुटलेल्या शब्दापर्यंतच पाठ आहेत.

कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारके दात मोडले की तिच्यावर नवं काही टेप होत नसे. आणि मोडलेल्या दातांच्या भोकांत कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा होई. कारखान्यातून आलेली वस्तू कायमची नसते, तिच्यावर आपला हात चालतो, हे त्या बोळ्यानं शिकवलं. आमच्याकडच्या एका नाट्यगीतांच्या कॅसेटमध्ये मधेच धाकट्या बहिणीचं बोबडं 'शुभं करोति' होतं. ते पुसायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

या सगळ्याला धंद्याचं रूप दिलं ते गुलशन कुमार यांनी. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातला हा माणूस. कॅसेट स्वस्त करून पानाच्या ठेल्यावर आणि किराणा दुकानात ठेवली तर ती साबणासारखी खपते, हे त्यांनी ओळखलं. पण गाजलेल्या गाण्यांचे हक्क एचएमव्हीकडं. तिथं 1957 चा कॉपीराइट कायदा कामी आला. त्याच्या 52 व्या कलमात अशी सोय होती, की एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं दुसऱ्या कुणी नव्यानं गाऊन मुद्रित करायचं तर रीतसर नोटीस देऊन रॉयल्टी भरावी. म्हणजे मुकेशचा आवाज विकता येणार नाही, पण मुकेशचं गाणं विकता येईल. यातून 'व्हर्जन' नावाची पैदास झाली. बबला मेहता मुकेशची गाणी गायले, वंदना बाजपेयी लताबाईंची, आणि कुमार सानू 'आशिकी'च्या आधी किशोरची. 2012 साली कायदा बदलला आणि मूळ गाण्याला पाच वर्षं झाल्याशिवाय व्हर्जन काढायला बंदी आली. पण तोवर कॅसेटच उरली नव्हती.

स्वस्ताईचा फायदा केवळ नकलेला झाला असं मात्र नाही. ज्या गाण्यांना मोठ्या कंपन्यांच्या यादीत जेमतेम जागा मिळत असे, त्या भीमगीतांना, कोळीगीतांना, लोकगीतांना हक्काचा बाजार मिळाला. आनंद शिंदे यांचा 'नवीन पोपट' लग्नाच्या बँडपर्यंत पोचला तो कॅसेटच्याच पाठीवर बसून.

आणि नक्कल काही फक्त ठेल्यावर नव्हती. 31 जुलै 1980 ला मोहम्मद रफी गेले आणि सिनेमाच त्यांचा आवाज शोधत फिरू लागला. ऑर्केस्ट्रात रफींची गाणी गाणारे शब्बीर कुमार 1983 साली 'कुली'त अमिताभसाठी आणि 'बेताब'मध्ये सनी देओलसाठी गात होते. 1985 च्या 'मर्द'मध्ये मोहम्मद अझीझ आले. जाणकार नाकं मुरडत. माझ्या मते ते अन्यायाचं होतं. पोकळी एवढी मोठी होती की तिच्यात कुणीतरी उभं राहणं भागच होतं.

बप्पी लाहिरींचं तर विचारूच नका. 'डिस्को डान्सर' 1982 चा. त्यातल्या 'जिमी जिमी'चं नातं ओटावान या फ्रेंच जोडीच्या 1980 मधल्या गाण्याशी उघडच लागतं. 'जिमी जिमी' गायल्या त्रिनिदादला जन्मलेल्या पार्वती खान. 1984 साली सिनेमा सोव्हिएत रशियात लागला आणि कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. तिथल्या लोकांच्या लेखी मूळ गाणं हेच, आणि जिमी म्हणजे मिथुन. गायिका एम. आय. ए. हिनं 2007 मध्ये ते नव्यानं गायलं. बप्पीदा फेब्रुवारी 2022 मध्ये गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात टाळेबंदीला वैतागलेल्या चिनी लोकांनी या गाण्यावर रिकामी भांडी दाखवत व्हिडिओ टाकले. चिनी भाषेत 'जिए मी' म्हणजे 'तांदूळ उसने द्या'. आता या प्रवासात अस्सल काय आणि नक्कल काय, हे कुणी ठरवायचं?

आपल्याकडं ती नक्कल आजही रविवारी सकाळी भेटते. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत कराओके मंडळी वर्गणी काढून सभागृह घेतात. बहुतेक जण निवृत्त. मोबाइलवर ट्रॅक, हातात शब्दांचा कागद, नाहीतर समोर टॅब. निवेदिका कुणाला 'व्हॉईस ऑफ रफी' म्हणते, कुणाला 'व्हॉईस ऑफ किशोर'. ही पदवी गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांची, ती जशीच्या तशी इथं आली. मध्यंतरात बटाटेवडा.

अशाच एका कार्यक्रमाला गेल्या हिवाळ्यात मी गेलो होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुकेश गायला उभे राहिले. पांढरा सदरा, उजव्या हातानं मांडीवर ठेका. गाणं आमच्या कॅसेटमधलं, दुसऱ्या बाजूचं तिसरं. कडव्याच्या मध्यावर माझी मान आपोआप खाली गेली, टेप ओढेल म्हणून. ट्रॅक अर्थातच सरळ चालला. पण शेवटच्या ओळीवर त्यांनी एक बारीकशी हरकत घेतली. मुकेशच्या गाण्यात ती नाही.

ते मंचावरून उतरले तसा मी जवळ गेलो आणि विचारलं, "काका, हे गाणं कुठून बसवलंत?"

"कुठून म्हणजे? मुकेशचंच ऐकून," ते म्हणाले. "घरी कॅसेट होती."