जुन्या नाण्यांची मूल्यपरीक्षा

वारशाने आलेल्या नाण्यांचे धातुमूल्य व संग्राह्यमूल्य ठरविण्याची पद्धती. केवळ जुनेपणामुळे नाणे मौल्यवान ठरत नाही. दुर्मिळता, सुस्थिती, धातू व संग्राहकांची मागणी यांवर त्याची किंमत अवलंबून असते.

पालघर, बोईसर व तारापूर हा प्रदेश गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज यांच्या अंमलाखाली क्रमाने होता. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. त्यामुळे जुन्या घरांत तांब्याच्या शिवराईपासून ब्रिटिश रुपयापर्यंत विविध नाणी मिळणे संभवते. यांपैकी ब्रिटिश रुपये विपुल आहेत. १८३५ पासूनच्या प्रमाणित रुपयाचे वजन १८० ग्रेन (सु. ११·६६ ग्रॅ.) असून त्यात ११/१२ भाग चांदी असे. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले व १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. म्हणून सामान्य वर्षाच्या रुपयाची किंमत बहुधा त्यातील चांदीइतकी किंवा तीहून थोडी अधिक येते. याउलट पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया तुलनेने दुर्मिळ आहे. राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाल्याने त्याचा बराचसा साठा वितळविण्यात आला.

परीक्षेत प्रथम वजन, व्यास, वर्ष व टाकसाळीची खूण नोंदवितात. चांदीचे नाणे लोहचुंबकाकडे ओढले जात नाही. पृष्ठभागावरील बारीक छिद्रे व कडेवरील सांध्याची रेषा ही ओतीव बनावटीची लक्षणे होत. लक्ष्मीपूजनासाठी चिंचेने घासलेल्या अथवा माळेसाठी कडी डाखलेल्या नाण्याचे संग्राह्यमूल्य घटते. म्हणून परीक्षेपूर्वी नाणी स्वच्छ करू नयेत. एकत्र मिळालेली नाणी एकत्रच ठेवून ती कोणाकडून आली हे लिहून ठेवावे.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार खाजगी व्यक्तीस निर्यात करता येत नाही. जमिनीत पुरलेले व दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. जुनी नाणी मोठ्या किंमतीस विकून देण्याच्या आमिषाने आगाऊ शुल्क उकळण्याचे प्रकार घडतात. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत भाग घेत नाही व त्यांसाठी शुल्कही आकारीत नाही, असे तिने २०२१ मध्ये जाहीर केले. यास्तव विक्रीपूर्वी एकाहून अधिक जाणकारांचे मत घेणे व अलीकडील लिलावांत प्रत्यक्ष मिळालेल्या किंमती पाहणे इष्ट ठरते.