पाण्याच्या पाठीमागची वाट

अमेरिकेस जाणारा आपल्याकडील प्रवासी नायगारा पाहिल्याखेरीज सहसा परतत नाही; परंतु त्याच न्यूयॉर्क राज्यात, सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाशी वसलेल्या वॉटकिन्स ग्लेन या टुमदार गावी, हमरस्त्याला लागूनच जी घळ एका ओढ्याने कोरून ठेवली आहे, तिच्याकडे त्याची पावले क्वचितच वळतात. मला तरी हा करंटेपणा वाटतो. नायगाऱ्यापुढे मनुष्य कठड्याला टेकून दिपून उभा राहतो. येथे तो धबधब्यांना खेटून, आणि 'कॅव्हर्न कॅस्केड' व 'रेनबो फॉल्स' या दोन ठिकाणी तर चक्क त्यांच्या पाठीमागून, चालत जातो. डाव्या हाताला ओला कातळ, उजव्या हाताला कोसळणारे पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या दगडी वाटेवर अंगावर उडणारे तुषार!

हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनद्यांनी सेनेकाची मुख्य दरी इतकी खोल खरवडली की, बर्फ ओसरल्यावर तिला मिळणारा हा क्षुद्र ओढा वरच्यावर अधांतरी राहिला, आणि तेव्हापासून सरोवराची पातळी गाठण्याच्या खटपटीत तो सारखा खाली उतरतो आहे. सुमारे दोन मैलांत चारशे फूट उतार, त्यात एकोणीस धबधबे, आणि दोन्ही अंगांना काही ठिकाणी दोनशे फुटांपर्यंत चढलेले कडे! खडक सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा असून त्याचे थर पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले दिसतात. त्यांतील मृदू थर पाण्यापुढे लवकर हार मानतात, कठीण थर तग धरतात. म्हणूनच ओढा सरळ घसरत न जाता पायरीपायरीने उड्या घेतो. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी घासून घासून तळाशी केलेले रांजणखळगे पाहून निघोजच्या कुकडीची आठवण कोणाही मराठी माणसास व्हावी, जरी तेथला कातळ बसाल्टाचा, सर्वस्वी निराळ्या कुळातला.

ही घळ प्रथम लोकांस खुली झाली ती १८६३ साली, खासगी मालकीची प्रेक्षणीय जागा म्हणून. राज्य सरकारने ती विकत घेतली १९०६ साली. १९३५ च्या जुलैमधील महापुराने वाटेची पार दाणादाण उडवली. त्या काळी मंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने 'सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर' हे खाते काढले होते. त्याच्या माणसांकडून ही वाट नव्याने बांधण्याची तजवीज झाली, आणि काँक्रीट व लोखंडाऐवजी स्थानिक दगड वापरण्याचा जो विवेक त्या वेळी दाखविला गेला, त्याची थोरवी मला धबधब्यांहून तसूभरही कमी वाटत नाही. आज त्या आठशेबत्तीस पायऱ्या आणि कठडे कड्यातूनच उगवल्यासारखे दिसतात.

हिवाळ्यात बर्फामुळे घळीतील वाट बंद असते, म्हणून जावे ते उन्हाळ्यात किंवा शरदाच्या आरंभी. पाणी कितीही मोहात पाडो, त्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. खालून वर जाणेच उत्तम, कारण प्रत्येक वळणावर नवा धबधबा समोरून भेटतो; मात्र वरच्या टोकाला 'जेकब्स लॅडर' नावाची एकशेऐंशी पायऱ्यांची चढण आहे. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याने खुशाल वरून खाली यावे, त्यात कमीपणा नाही. सिंहगड चढून उतरणाऱ्या पुणेकराला अर्थात तिची मातब्बरी ती काय!