तुरटी किती टाकायची? स्टॉइकिओमेट्री परीक्षेत आणि प्रयोगशाळेत

लातूर-नांदेडकडं शिकलेल्या विद्यार्थ्याला मोल कन्सेप्ट शिकवायची गरज नसते. ‘लातूर पॅटर्न’मध्ये अकरावीतच एवढी गणितं सोडवून झालेली असतात की लिमिटिंग रिएजंटचं उत्तर पर्याय बघूनच सांगता येतं. तरीही पीएचडीच्या पहिल्या वर्षी बरेच जण याच धड्यावर अडखळतात. कारण सोपं आहे. परीक्षेत गणित कुणीतरी तयार करून देतं. संशोधनात गणित आपणच तयार करायचं असतं. कोणता आकडा कशाचा आहे, हे तिथं कुणी सांगत नाही.

आपल्याच भागातलं एक उदाहरण घेऊन बघूया.

प्रश्न कुठला?

नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवट भागात, भूजलात फ्लोराइड जास्त असल्याची समस्या जुनी आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढं हाडं-सांधे आखडतात. फ्लोराइड उकळून जात नाही, साध्या कापडानं गाळूनही जात नाही.

यावर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं विकसित केलेली ‘नलगोंडा पद्धत’ प्रसिद्ध आहे. पाण्यात चुना आणि ॲल्युमिनियम सल्फेट टाकायचं, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. आता समजा, एका बोअरच्या पाण्यात फ्लोराइड ५ आहे, ते १ वर आणायचंय. तुरटी किती टाकाल?

पहिला प्रयत्न: परीक्षेसारखा

काढायचं फ्लोराइड लिटरमागे ४ मिलिग्रॅम. भागिले १९, म्हणजे ०.२१ मिलिमोल. एका ॲल्युमिनियमला तीन फ्लोराइड असं धरलं, तर ॲल्युमिनियम लागेल ०.०७ मिलिमोल. ॲल्युमिनियम सल्फेटच्या एका मोलमध्ये ॲल्युमिनियमचे दोन मोल असतात, म्हणून सल्फेट ०.०३५ मिलिमोल. रेणुवस्तुमान ६६६ धरून उत्तर येतं सुमारे २३ मिलिग्रॅम.

गणितात एकही चूक नाही. पण प्रत्यक्षात अशा पाण्याला लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम लागतात. हा फरक दोन-पाच टक्क्यांचा नाही, दहा-वीस पटींचा आहे.

असं झालं की नवीन विद्यार्थी आकडेमोड पुन्हा तपासतो. तपासायचं असतं ते समीकरण. आपण धरून चाललो की ॲल्युमिनियम फ्लोराइड तयार होतं. प्रत्यक्षात पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पिंजलेल्या कापसासारखा अवक्षेप तयार होतो आणि फ्लोराइड मुख्यतः त्याला चिकटून खाली बसतं. चिकटण्याचं प्रमाण कुठल्याच संतुलित समीकरणात लिहिलेलं नसतं. ते पीएच, अल्कलिनिटी आणि सुरुवातीचं फ्लोराइड यांवर ठरतं. म्हणून डोस प्रयोग करूनच ठरवावा लागतो.

मग स्टॉइकिओमेट्री वाया गेली का? अजिबात नाही. तिनंच तर सांगितलं की आपण समजतो ती अभिक्रिया ही नव्हेच.

दुसरा प्रयत्न: जिथं समीकरण खरंच लागू पडतं

गणितासाठी डोस ५०० मिलिग्रॅम धरूया. ही तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी खाते, आणि ते मात्र हिशोबानं:

१ ॲल्युमिनियम सल्फेट + ३ कॅल्शियम बायकार्बोनेट → २ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड + ३ कॅल्शियम सल्फेट + ६ कार्बन डायऑक्साइड

अल्कलिनिटी नेहमी ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ देतात आणि त्याचं रेणुवस्तुमान १००. म्हणजे ६६६ भाग तुरटी ३०० भाग अल्कलिनिटी संपवते. एका मिलिग्रॅमला ०.४५. तर ५०० ला २२५.

पाण्याची अल्कलिनिटी १५० च असेल तर? लिमिटिंग रिएजंट कोण, बघा. अल्कलिनिटी आधी संपली, पीएच घसरला, ॲल्युमिनियम पाण्यात विरघळलेलं राहिलं. फ्लोराइड काढायला गेलो आणि ॲल्युमिनियम पाजून आलो. म्हणूनच चुना लागतो. कमी पडलेले ७५ म्हणजे ०.७५ मिलिमोल. विरी गेलेल्या चुन्याचं रेणुवस्तुमान ७४, म्हणजे चुना सुमारे ५६ मिलिग्रॅम. हा किमान आकडा झाला. थोडी अल्कलिनिटी शिल्लक राहायला हवी, म्हणून प्रत्यक्षात जास्त.

आता परीक्षेत कुणी न विचारणारा प्रश्न: पाण्यात आपण आणखी काय सोडलं? ५०० मिलिग्रॅम तुरटीतून सल्फेट आलं २.२५ मिलिमोल, गुणिले ९६, म्हणजे २१६ मिलिग्रॅम. मानकानुसार सल्फेट २०० पर्यंत असावं, पर्याय नसेल तर ४००. म्हणजे बोअरच्या पाण्यात मुळात सल्फेट शून्य असतं, तरी आपण पहिली मर्यादा ओलांडली. शिवाय लिटरमागे ११७ मिलिग्रॅम हायड्रॉक्साइडचा गाळ उरला, फ्लोराइडसकट. तो कुठं टाकणार? या पद्धतीच्या मर्यादा कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत दिसतात. रिसर्च प्रपोजलमधला ‘गॅप’ म्हणतात तो असाच सापडतो.

तिसरी गोष्ट: बाटलीवर काय लिहिलंय?

वर ६६६ हा आकडा मी गुपचूप वापरला. तो पाण्याचे १८ रेणू असलेल्या ॲल्युमिनियम सल्फेटचा आहे. १६ असतील तर ६३०, १४ असतील तर ५९४. आणि किराणा दुकानातली पांढरी खड्याची तुरटी? ती साधारणपणे पोटॅश तुरटी असते, रेणुवस्तुमान ४७४ आणि एका मोलमध्ये ॲल्युमिनियम एकच. मराठीत दोन्हींना तुरटीच म्हणतात. पहिल्या तुरटीत ॲल्युमिनियम ८.१ टक्के, दुसरीत ५.७. वजन तेवढंच घेतलं, तरी ॲल्युमिनियम जवळपास ३० टक्के कमी.

पेपरात नुसतं ‘तुरटी ५०० मिलिग्रॅम’ लिहिलं असेल, तर तो प्रयोग दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा करता येणार नाही. म्हणून रोज सवय लावा. वहीत वजनाशेजारी पदार्थाचं पूर्ण नाव, पाण्याचे रेणू, शुद्धता आणि रेणुवस्तुमान लिहायचं. आणि डोस मिलिग्रॅमसोबत ॲल्युमिनियमच्या मिलिमोलमध्येही द्यायचा.

गणित मांडण्याआधी स्वतःला विचारा

१. हे समीकरण खरंच घडतंय, की मी गृहीत धरलंय?
२. वजन नेमकं कशाचं केलं?
३. आकडा कशाच्या रूपात दिलाय? ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ हे शब्द सुटले की पुढचं सगळं चुकतं.
४. आधी काय संपेल आणि ते संपल्यावर काय होईल?
५. नको असलेलं काय तयार झालं आणि किती?

सोडवून बघा: अल्कलिनिटी २००, तुरटीचा डोस ६००, पाण्यात आधीचं सल्फेट ६० (सगळं लिटरमागे मिलिग्रॅममध्ये). किमान चुना किती लागेल, शेवटी सल्फेट किती होईल? एकदा १८ रेणूंची तुरटी धरा, एकदा १४ ची. चुन्याची उत्तरं अनुक्रमे ५२ आणि ७६ आली पाहिजेत. सल्फेटचं तुम्ही काढा, आणि दोन्हींपैकी कुठलं पाणी गावाला द्याल तेही ठरवा.