घडीचे सौरपंख

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम 1 किलोचा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 मधून कक्षेत गेला. हौशी रेडिओचालकांचे संदेश साठवून पुढे पोचवणे हे त्याचे काम. 10 सेंटिमीटर बाजूच्या या ठोकळ्याचे सौरघट त्याच्या अंगावरच बसवलेले होते.

एवढ्याशा अंगावर वीज फार मिळत नाही. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरवर सुमारे 1,361 वॅट ऊन पडते. ठोकळ्याच्या एका बाजूवर 60 चौरस सेंटिमीटर घट मावले आणि ते 30 टक्के कार्यक्षम असले, तर ऊन अगदी समोरून पडल्यावर अडीच वॅटच्या आसपास वीज हाती येते. त्यातच सुमारे 95 मिनिटांच्या फेरीतला एकतृतीयांशाहून अधिक वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो.

म्हणून घडीचे पंख. प्रक्षेपणाच्या वेळी पातळ सौरपट उपग्रहाच्या अंगाला चिकटून असतात. उपग्रह ज्या पेटीतून अवकाशात सोडला जातो, तिच्या भिंतीपर्यंत उरलेली फट काही मिलिमीटरचीच, त्यामुळे पट, बिजागरी आणि स्प्रिंग सारे तेवढ्यात बसवावे लागते. पट दोऱ्याने बांधलेले असतात. पेटीतून सुटल्यावर निदान अर्धा तास काहीही उघडायचे नाही, असा प्रघात आहे. शेजारच्या उपग्रहांना धक्का नको. मग बॅटरी एका बारीक तारेला तापवते, दोरा वितळून तुटतो आणि स्प्रिंग पट उघडते. युक्ती घरगुती वाटते, पण दोरा तुटला नाही तर तो सोडवायला तिथे कोणी नाही. त्यामुळे तापणाऱ्या तारा अनेकदा दोन ठेवतात. मोठ्या उपग्रहांनाही ही धाकधूक चुकलेली नाही: 1983 साली इन्सॅट-1बीचे सौरपंख उघडायला सप्टेंबरचा मध्य उजाडला होता.

पंख उघडले तरी ते सूर्याकडे वळलेले हवेत. 60 अंश तिरके राहिले तर वीज निम्म्यावर येते. ‘स्वयम्’ चुंबकाच्या आधारे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेत असे, सूर्याशी नव्हे. अशा उपग्रहाला सर्व अंगांवर विखुरलेले घटच सोयीचे. रुंद पंखांचा खरा लाभ दिशा धरणाऱ्या उपग्रहाला होतो, आणि त्यासाठी लागणारी फिरती चाकेही त्याच विजेवर चालतात. 2018 साली मंगळाकडे निघालेल्या नासाच्या दोन ‘मार्को’ उपग्रहांना असे पंख होते. मंगळाजवळचे ऊन पृथ्वीजवळच्या निम्म्याहूनही कमी असते.